दारातलं पहिलं वाक्य

भामरेबाई दारात उभ्या राहिल्या की आम्ही बाकीचे आपोआप भिंतीकडे सरकायचो. सुरतेजवळ हजीऱ्याच्या रस्त्यावर आमच्या कंपनीचं गेस्ट हाऊस होतं. परदेशातून यंत्रं बसवायला, तपासायला येणारे इंजिनिअर तिथं उतरायचे. बाई तिथल्या मुख्य व्यवस्थापक. मी स्टोअर सांभाळायचो, म्हणजे साबण, चादरी, चहापत्ती आणि वेळप्रसंगी बाईंचा राग. गाडी फाटकातून आत वळली की बाई पदराची पिन चाचपायच्या, छातीभर श्वास घ्यायच्या आणि पाहुणा पायरीवर आला की त्याला इंग्रजीतलं एक वाक्य म्हणायच्या. ते वाक्य ठरवण्यात त्यांची आदली अख्खी संध्याकाळ गेलेली असायची.

"शिंदे भाऊ, हा माणूस पहिल्यांदा येतोय की आधी येऊन गेलाय?" त्या स्टोअरच्या दारातून विचारायच्या. "विमान वेळेवर आहे का? गेल्या वेळी याला आपली डाळ आवडली होती की तोच तो ब्रेड मागणारा?" मी सांगेन त्यावरून वाक्य ठरायचं. नवखा असेल तर 'मेक युअरसेल्फ ॲट होम', घर आपलंच समजा. पुन्हा आलेला असेल तर 'लाँग टाइम नो सी', बऱ्याच दिवसांत गाठ नाही. मोठा साहेब असेल तर 'वी हॅव रोल्ड आउट द रेड कार्पेट फॉर यू'. हे ऐकून साहेब हमखास खाली बघायचा आणि त्याला आमची करडी फरशी दिसायची. मी एकदा बाईंना म्हटलं, निदान एक लाल सतरंजी तरी आणू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

खरं सांगायचं तर सुरुवातीला ही दारातली नाटकं माझ्या डोक्यात जायची. आमच्या परभणीकडे पाहुणा आला की "कवा निघालाव?" एवढं विचारतात आणि पाण्याचा तांब्या पुढं करतात. विषय संपला. इथं मात्र वॉशबेसिनच्या आरशासमोर उभं राहून बाई तेच वाक्य पुन्हा पुन्हा घोटताना दिसायच्या. कधी 'होम'वर जोर, कधी 'युअरसेल्फ'वर. धुळ्याच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं होतं, आणि लग्न होऊन सुरतेला आल्यावर घरात, चाळीत, बाजारात कुणालाच त्या इंग्रजीची गरज पडली नव्हती. गेस्ट हाऊसमध्ये ती पडली. मग बाईंनी काही हात आखडता घेतला नाही.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर एक वेळ ठीक. पण त्यांनी आमचाही वर्ग सुरू केला. दर सोमवारी दुपारी मागच्या व्हरांड्यात. दारावरचा बिपिन, तो ओडिशाचा. खोल्या आवरणारी वंदना, ती मूळची अमरावतीकडची, कोसाडच्या वसाहतीतून बसनं यायची. आणि मी. बाई उभ्या, आम्ही उलट्या क्रेटवर बसलेले. "पाहुणा दारात उभा असतो तेवढाच वेळ तो पाहुणा असतो," त्या म्हणायच्या. "आत आला की तो खोली नंबर होतो. म्हणून जे काय चांगलं बोलायचं ते दारातच बोलून घ्या." वंदना हळूच मला म्हणायची, "माह्याच्यानं नाही होत भाऊ हे, माही जीभ वळत नाही." पण बाईंसमोर तीही 'वेलकम विथ ओपन आर्म्स' म्हणताना दोन्ही हात पसरून दाखवायची, कारण हात पसरले नाहीत तर बाई पुन्हा म्हणायला लावायच्या.

बिपिननं एकदा घोळ घातला. एक जर्मन इंजिनिअर समोरच्या टपरीवर सिगारेट आणायला गेला आणि लगेच परत आला. बिपिननं कडक सलाम ठोकला आणि म्हणाला, "लाँग टाइम नो सी, सर." तो जर्मन फाटकाला धरून हसला. त्या दिवसापासून तो नुसता चपला बदलायला खोलीत जाऊन आला तरी बिपिनला तेच म्हणायचा. बाईंनी बिपिनला चांगलंच फैलावर घेतलं. मग स्टोअरमध्ये येऊन दार लोटून घेतलं आणि तोंडाला पदर लावून बराच वेळ हसत बसल्या.

त्यांना हसताना असं चोरूनच पाहायला मिळायचं. एरवी बाईंच्या आसपास हवा ताणलेली असायची. मुख्य कचेरीतून एक बडे साहेब आले होते ती संध्याकाळ मला अजून आठवते. बाई दारात, लाल गालिच्याचं वाक्य ओठांवर. बिपिन फाटकातून पुढं झाला, "गुड ईव्हिनिंग, सर," म्हणाला. साहेब फोनवर बोलत होते. त्यांनी बिपिनकडे न बघताच बॅग त्याच्या छातीवर टेकवली आणि पायऱ्या चढायला लागले. बाई दारातून हलल्या नाहीत. साहेब समोर येऊन थांबले, तरी हलल्या नाहीत.

"सर, यांचं नाव बिपिन," बाई शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या. "यांनी तुम्हाला गुड ईव्हिनिंग म्हटलंय."

माझ्या हातातली चादर हातातच राहिली. साहेबांच्या कपाळाची शीर उडताना मला दिसत होती. बिपिन बॅग पोटाशी धरून असा उभा होता, जणू चोरी त्यानंच केली आहे. साहेबांनी फोन खाली घेतला, बाईंकडे पाहिलं, मग मागं वळून तोंडातल्या तोंडात "गुड ईव्हिनिंग" म्हणाले. तेव्हा कुठं बाई बाजूला झाल्या. पण साहेबांना वाक्य काही मिळालं नाही. मुक्काम संपेपर्यंत मिळालं नाही. "याला इंग्रजीत कोल्ड शोल्डर म्हणतात, शिंदे भाऊ," बाईंनी मला नंतर समजावलं. "आपण तोंड फिरवतो, ते खांदा फिरवतात." पुढं कितीतरी दिवस कचेरीतून पाकीट आलं की आम्हा सगळ्यांना वाटायचं, आता बाईंची नोकरी गेली. तसं काही झालं नाही. का झालं नाही ते मला आजही माहीत नाही.

आणि मग रॉबी आला. स्कॉटलंडचा, तिशीतला, तांबूस दाढीचा. प्लँटमधल्या मोठमोठ्या झडपा तपासण्याचं त्याचं काम होतं आणि ते लांबतच चाललं होतं. आमच्याकडे आलेले पाहुणे बाईंचं वाक्य ऐकून हसायचे, थँक यू म्हणायचे आणि किल्ली मागायचे. रॉबीनं पहिल्याच दिवशी वाक्याला वाक्यानं उत्तर दिलं. बाई म्हणाल्या, मेक युअरसेल्फ ॲट होम. तो म्हणाला, मॅडम, यू आर अ साइट फॉर सोअर आइज. दमलेल्या डोळ्यांना तुम्ही दिसलात, बरं वाटलं. बाई लाजल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना लाजताना प्रथमच पाहिलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दारात हा खेळ चालायचा. बाई एक म्हणणार, तो त्याहून चढ म्हणणार. 'लुक हू इज हिअर', बघा कोण आलंय, हे तर आता बिपिनलाही पाठ झालं होतं. एका संध्याकाळी रॉबी गंजानं आणि ग्रीसनं डोक्यापासून माखून आला. बाईंनी काही म्हणायच्या आत स्वतःकडे बोट दाखवून म्हणाला, "लुक व्हॉट द कॅट ड्रॅग्ड इन." बघा मांजरानं काय ओढून आणलंय. त्यांच्याकडे म्हणे असं थट्टेनं म्हणतात. बाईंचा चेहरा एकदम उतरला. मांजर ओढून आणतं ते मेलेलं काहीतरी असतं. "उंबऱ्यात उभं राहून स्वतःला असं बोलू नये," त्या मला म्हणाल्या. "सांगा त्याला. मला नाही सांगता येणार." मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. रॉबीनं लगेच दोन्ही कान पकडले. ते तो आमच्याकडूनच शिकला होता.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी रॉबी नाश्त्याला खाली आला नाही. वंदनानं दार ठोठावलं, मग मला बोलावलं. डॉक्टर आले, झोपेतच हृदय बंद पडल्याचं म्हणाले. तरणाताठा माणूस. त्याला शहरातल्या हॉस्पिटलच्या शवागारात ठेवलं. घरी एकटी आईच होती, तिला कळवलं. तिचं उत्तर आलं की मी स्वतः त्याला न्यायला येते, आणि हॉस्पिटलमध्ये जाण्याआधी तो जिथं राहत होता ते घर मला बघायचं आहे.

बाई रडल्या नाहीत. त्या कामाला लागल्या, आणि ते बघताना मला जास्त भीती वाटली. दारावरचं झेंडूचं तोरण त्यांनी स्वतः स्टुलावर चढून काढलं. पाकळ्या तरंगत ठेवायचं पितळी घंगाळं स्वयंपाकघरात गेलं. 'वेलकम' लिहिलेलं पायपुसणं गुंडाळून माझ्या स्टोअरमध्ये आलं. विमानतळावर ड्रायव्हर हातात धरतो त्या पाटीवर वरच्या बाजूला तोच शब्द छापलेला होता; बाईंनी कात्री घेऊन तेवढी पट्टी कापून टाकली आणि खाली फक्त त्या आईचं नाव ठेवलं. मग आम्हाला मागच्या व्हरांड्यात बोलावलं. सोमवार नव्हता.

"आतापासून हे दुःखाचं घर आहे," त्या म्हणाल्या. "दुःखाच्या घरी येणाऱ्याला कोणी 'या' म्हणत नाही. जाणारा 'येतो' म्हणत नाही. येणारा आपला आत येतो, बसतो, उठून जातो. तोंडातून 'ये' निघालं की तेच दुःख पुन्हा दार शोधत येतं. तुमच्या सगळ्यांच्या घरी लेकरं आहेत." इथं त्यांचा आवाज घसरला आणि त्या एकदम अहिराणीत गेल्या. "मना एकच पोऱ्या शे. नितीन. भट्टीवर काम करस. माले जोखीम नको."

"मॅडम, फिर बोलना क्या है?" बिपिननं विचारलं. त्याला वाटलं, या प्रसंगाचंही एखादं वाक्य असेल.

"कुछ नहीं. हाथ जोडके खडे रहना."

आमच्या वरचे मेहता साहेब फुलांचा गुच्छ घेऊन आले होते, त्यांनाही बाईंनी हेच सांगितलं. मला वाटलं, आता वाद होणार. पण साहेबांनी लगेच मान डोलावली. "बराबर छे, बेन. अमारे पण बेसणामां कोईने आवजो नथी कहेता," ते म्हणाले. गेलेल्या माणसासाठी बसायला जमतात तिथं गुजराती माणूसही 'या पुन्हा' म्हणत नाही. गुच्छ गाडीत परत गेला. आम्ही खानदेशचे, मराठवाड्याचे, वऱ्हाडचे, ओडिशाचे, सुरतेचे, सगळे एकमतानं गप्प बसायला तयार झालो. असं एकमत आमच्यात पूर्वी कधी झालं नव्हतं.

रॉबीची आई दुपारी आली. उन्हानं समोरचा रस्ता हलत होता. गाडीतून एक ठेंगणी, आखूड पांढऱ्या केसांची बाई उतरली, हातावर दुमडलेला कोट. इतक्या उन्हात तो कोट तिनं का धरला होता कुणास ठाऊक. ती पायऱ्यांपाशी आली आणि थांबली. वर आम्ही ओळीनं उभे होतो, हात जोडलेले, माना खाली. मधे बाई. मागे उघडं दार, त्यावर ना तोरण ना काही.

आम्ही ती वर येईल म्हणून वाट बघत होतो. आमच्याकडे अशा वेळी बोलवावं लागत नाही. तिनं वर पाहिलं, एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पण पहिल्या पायरीवर पाय ठेवला नाही. ड्रायव्हर तिची बॅग घेऊन मागे उभा. कोणी हलेना. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तो पुसायची हिंमत होत नव्हती. काहीतरी भयंकर चुकतंय हे मला कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

"बेन, कंईक बोलो ने," मेहता साहेब पुटपुटले. काहीतरी बोला. बाईंनी ओठ इतके घट्ट मिटले होते की ते पांढरे पडले होते.

शेवटी तीच बोलली. इंग्रजी हळू आणि स्वच्छ होतं, मलासुद्धा सगळं समजलं. "मिसेस भामरे तुम्हीच ना?" तिनं विचारलं. बाईंनी मान डोलावली. "रॉबी मला रोज फोनवर सांगायचा, आज दारात त्या काय म्हणाल्या ते. तो म्हणायचा, या घराच्या दारात कोणी गप्प राहत नाही." ती थांबली. "मी विमानात हाच विचार करत होते, की तुम्ही मला काय म्हणाल." मग तिनं पुन्हा एकदा आमच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. "माझं येणं तुम्हाला अवघड होत असेल तर राहू द्या. मला समजतं. मी हॉस्पिटललाच जाते."

आणि ती गाडीकडे वळली.

तिच्या देशात आत बोलावल्याशिवाय कोणी दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकत नाही, हे मला त्या क्षणी उमगलं. ती बोलावण्याची वाट बघत होती आणि आम्ही तिच्या दुःखाचा मान राखत उभे होतो. जिथं तिच्या पोराला रोज हाक मारली जायची, त्या दारातून आम्ही तिला हाकलत होतो. तिला वाटलं असणार, हे लोक काहीतरी लपवतायत, किंवा यांना माझी ब्याद नको आहे. ती तशीच गेली असती तर मुलगा कुणा परक्यांत मेला, एवढंच घेऊन घरी गेली असती. मला तिला ओरडून सांगावंसं वाटलं की तसं नाही. पण मीही गप्पच होतो, मलाही एक मुलगी आहे.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात त्या घडीला किमान डझनभर वाक्यं असतील, दारात म्हणायची, रॉबीला म्हटलेली. त्यांची नजर मात्र त्या पाहुणीवर नव्हती. रस्त्यापलीकडे, झाडांच्या वर, जिथं प्लँटची धुराडी दिसतात तिकडे होती. त्यांचा नितीन त्याच बाजूला भट्टीवर कामाला होता. त्यांनी डोळे मिटले. मग त्या पायऱ्या उतरल्या, म्हणजे जवळजवळ पडल्याच, बिपिननं हात पुढे केला तो त्यांना दिसलाही नाही. गाडीच्या दारापाशी जाऊन त्यांनी त्या बाईचा हात धरला.

"ये माय," त्या म्हणाल्या. "ये, घरमा ये. तुनं घर शे."

इंग्रजीचा एक शब्द नाही. त्या बाईला काय कळलं ते तिलाच माहीत. पण कोट तिच्या हातातून खाली पडला आणि तिनं बाईंच्या खांद्यावर डोकं टेकवलं. बाई तिला तशीच धरून पायऱ्या चढवत होत्या आणि प्रत्येक पायरीवर "ये, ये माय" म्हणत होत्या. एकदा तोंडातून निघाल्यावर आता मागं घ्यायचं नाही असं ठरवल्यासारख्या. वंदना भिंतीला टेकून रडत होती. मेहता साहेबांनी चष्मा काढला. मी तो कोट उचलला, त्याची धूळ झटकली आणि घडी करत बसलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

रॉबीची आई त्याच्याच खोलीत राहिली. सगळे सोपस्कार होऊन त्याला घेऊन जाईपर्यंत बाई तिच्याबरोबर होत्या. कोणत्या संध्याकाळी रॉबी काय म्हणाला, ते सगळं बाईंनी तिला सांगितलं, मांजराचंसुद्धा. जिन्यावरून जाताना मला कधी रडण्याचा आवाज यायचा, कधी चक्क हसण्याचा. पुढं माझी कामरेजच्या गोदामावर बदली झाली आणि बाईंची गाठ पडणं बंद झालं. त्या अजून तिथंच आहेत असं ऐकतो. अजून वाक्यं म्हणतात. पण त्यांची आठवण निघाली की मला त्या दारात उभ्या दिसत नाहीत. त्याच दुपारच्या, स्वयंपाकघराच्या बोळातल्या दिसतात.

पाहुणीला वर खोलीत बसवून त्या चहा आणायला खाली आल्या होत्या. मी स्टोअरच्या दारात होतो. त्यांनी गॅसवर दूध ठेवलं, बोळात येऊन भिंतीला पाठ लावली आणि फोन लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली. कोणी उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा कोणी उचलला नाही. आत दूध वर आल्याचा वास सुटला. मी पळत जाऊन गॅस बंद केला, त्यांना ते कळलंही नाही. फोन त्यांनी दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला होता आणि त्या फरशीकडे बघत होत्या. मला वाटतं, त्या वेळी त्यांना कोणी देवाचं नाव विचारलं असतं तरी आठवलं नसतं. तिसऱ्यांदा लावला. बऱ्याच वेळानं पलीकडून भट्टीचा घोंघाट ऐकू आला आणि त्यातून ओरडून बोलणारा एक तरुण आवाज.

"आई? काय व्हयनं?"

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. तो पुन्हा ओरडला, "आई, बोल ना. काय व्हयनं?"

"काही नही रे," बाई म्हणाल्या. "आज लवकर घर ये."